कूलरची खिडकी

रामदासपेठ, नागपूर

प्रिय सोनिका,

लोणच्याची बरणी काल पोचली. काकूंनी दवाखान्यात भरती व्हायच्या आधी घातलेलं लोणचं, आणि त्यावर तुझी चिठ्ठी, 'आमची हवा साफ करणाऱ्या मॅडमसाठी'. झाकण उघडायची हिंमत झाली नाही गं. आज दवाखान्यात भेटायला आले, पण जिन्यापाशीच पाय अडले. शाळेत पाल दिसली की बाकावर चढणारी मी, अजून तशीच भेकड आहे.

तुमच्या घरामागच्या रंगाच्या कारखान्यातून टोल्युइनची, म्हणजे रंग पातळ करायच्या विषारी द्रवाची, वाफ निघते. ती बाहेर पडण्याआधी चिमणीतल्या कोळशाच्या दाण्यांवर चिकटून राहावी म्हणून थर केवढा हवा, हे संगणकावर मांडणं माझं काम. गरम वाफ कोळशाला नीट चिकटत नाही. मग मीच सुचवलं, आधी पाण्याचे फवारे मारा, आपल्या कूलरसारखे. नागपूरची पोर ना मी, गारवा म्हटलं की कूलर! संगणकाने झकास आलेख काढून दिला. त्यात मी हवा थंड धरली, पण कोरडीच धरली. कूलरची हवा दमट होते, पावसाळ्यात अंग चिकचिकतं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. कोळशातली जागा पाण्यानेच अडवली आणि वाफ सरळ बाहेर पडत राहिली. परवा चिमणीवरचं मोजमाप हातात आलं तेव्हा माझे डोळे उघडले.

त्या वासापायी तुम्ही कितीतरी उन्हाळे कूलरची खिडकी बंद ठेवून घामाघूम झोपलात. यंदा मी पेढे घेऊन आले आणि म्हणाले, खुशाल लावा. कूलर बाहेरची हवा ओढून थेट काकूंच्या खाटेवर सोडायचा. तू तर सर्दीची कायमची गिऱ्हाईक, तुला वास काय कळणार! पण काकू म्हणाल्या होत्या, "मयुरे, मले तं अजून वास येऊन राहिला वं." मी हसले आणि मोबाइलवर आलेख दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो पाहिला. "तू एवढी शिकली, तुलेच मालूम," म्हणाल्या, आणि पुन्हा वासाचं नाव काढलं नाही. माझ्या शब्दाखातर त्यांनी स्वतःच्या नाकाला खोटं ठरवलं. ते हसणं आठवलं की लाजेने मेल्यासारखं होतं.

काल फोनवर मी कूलर बंद कर म्हणाले, पण कारण जाळ्या बदलायचं दिलं. कारखान्याला आज सकाळी खरं सांगितलं, त्यांनी काम थांबवलंय. तुला सांगायचं राहिलं. घराजवळ कसला वायू येतो का, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तू छातीठोकपणे नाही म्हणालीस, माझी मैत्रीणच तपासते म्हणालीस. म्हणून ते काकूंना धुळीचा दमा झालाय असं समजून औषध देताहेत. तुझ्यासमोर आले तर मी पुन्हा काहीतरी सारवासारव करीन, म्हणून खाली बाकावर बसून हे लिहितेय आणि नर्सबाईंच्या हाती वर पाठवतेय. वाचलंस की लगेच डॉक्टरांना दाखव. टोल्युइन, कूलरमधून, रोज रात्रभर. आणि काकूंना सांग, वास खरा होता. मी खालीच आहे. शिव्या द्यायला बोलावलंस तरी येईन.

अजून म्हणू देशील तर, तुझीच
मयुरा