तुळजाबाईच्या गळ्यातला कलदार

स्वारीस,

बटव्यात इंग्रजी कलदार रुपये ठेवलेत. नगरला इंग्रजी अंमल, तिथं आपला चारमिनारचा हाली रुपया कुणी घेत नाही, म्हणून सराफाला बट्टा देऊन मीच बदलून आणले. मागच्या खेपेचे उरलेले कलदार म्हणे वाटेत पडले. लई भोळे तुम्ही! काल शेजारच्या तुळजाबाईच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात राजाच्या मुंडक्याचा कलदार रुपया लोंबत होता, आणि आपल्या आळीत नगरला जाणारे तुम्ही एकटेच.

भाकरी शिंक्यात आहे. मी तिच्याकडंच चाललेय, "बाई, ह्यो रुपया कुणी दिला गं?" एवढंच विचारायला. तोवर गाडी जुंपू नका. जुवात बैल अडकवायच्या शिवळा मी सोबत नेल्यात.

सत्यभामा