तारीने निवडलेले मासे

माले, रविवार, १२ फेब्रुवारी १९६१

आज नातीला, तारीला, घेऊन पुण्यात शोभेच्या माशांच्या दुकानात गेलो. माझं धोतर पाहून दुकानदार म्हणाला, "आजोबा, खेड्यात नेऊन माराल. मी देत नाही."

मी पिशवी उचलून दाराकडे वळलो. घरच्या आडात मासे पाळतो, तो आडही मीच खणलेला; हे मीच सांगायला हवं होतं.

तारी काचेला नाक लावूनच म्हणाली, "आमच्या आडात मासं सोडल्यात. डासाचं किडं खाऊन पानी साफ ठेवत्यात. तुमचं तर वर येऊन तोंड वासत्यात. पानी बदला की!"

दुकानदार ओशाळून हसला. "ये बाई, तूच निवड."

काचेवर तिच्या नाकाचा ठसा राहिला. एसटीत बरणी मांडीवर धरून ती झोपली, आणि मी शेजारच्या अनोळखी माणसाला दोनदा सांगितलं, ही माझी नात.