ल्यूबेनचा काळा-पांढरा फोटो

प्रिय स्विलेना,

तुझं पत्र येऊन नऊ दिवस झाले. रोज उत्तर लिहायला बसते आणि उठून कांदे चिरत बसते. फोटो पाठवतेय, पण तू मागितलास तो काळा-पांढरा नाही. का ते आधी वाच, मग हव्या तेवढ्या शिव्या घाल.

तुझ्या ल्यूबेनला जाऊन सहा महिने होतील, तेव्हा रीतीप्रमाणे दारावर त्याचा फोटो-नावाचा श्रद्धांजलीचा कागद लावशील, पण त्याच्या बसच्या थांब्यांवर एकही लावणार नाहीस, असं लिहिलंयस. बावीस वर्षं ज्यांना त्याने नेलं-आणलं, त्यांनीच त्याला मरू दिलं म्हणे. हे वाक्य मला आता पाठ झालंय.

गेल्या वर्षी परदेशातल्या ऑपरेशनचं निघालं, तेव्हा तू एवढंच म्हणालीस, "ताई, तुझ्या यंत्राला विचार." उपचारासाठी इंटरनेटवर लोकांकडे मदत मागणारी अकरा हजार जुनी आवाहनं मी त्या संगणकाला वाचायला लावली होती, कुणाला मदत मिळते, कुणाला नाही आणि का, हे त्याने शिकावं म्हणून. केवढी मिरवायचे मी, अगदी तुझ्या सासूसमोरसुद्धा! यंत्र म्हणालं, शंभरात सत्तर वेळा पैसे जमतील. मी तुला फोनवर सांगितलं, "निवांत राहा, होतंय." आणि तू खरंच निवांत राहिलीस गं. दारोदार फिरली नाहीस, आईचं घर विकायला काढलं नाहीस.

फोटोवरून मात्र आपलं वाजलं होतं. तुला निळ्या शर्टातला, काखेत टरबूज धरून हसणारा ल्यूबेन हवा होता. हसणाऱ्या माणसाला कोण मदत करणार, असं म्हणून मी त्याचा गंभीर, काळा-पांढरा फोटो घेतला आणि खाली ठळक नाव टाकलं. तेच आवाहन छापून तू थांब्याथांब्यावर चिकटवलंस. आपल्याकडे थांब्यावर असा चेहरा आणि असं नाव कुणाचं लागतं, हे मला कळू नये? लोकांनी दुरूनच पाहिलं, टोपी काढली, छातीवर क्रूसाची खूण केली आणि बसमध्ये चढले. खालचा मजकूर कुणी वाचलाच नाही.

शेवटच्या थांब्यावर कागद सगळ्यात उशिरा लागला; तिथली दोन्का आजी पुष्पचक्र घेऊन फाटकात आली, तेव्हा ऑपरेशनची वेळ टळून गेली होती. ल्यूबेन द्राक्षाच्या मांडवाखाली भाजलेल्या मिरच्या सोलत बसला होता. "ठेव आजी," तो म्हणाला, "परत आणायचा हेलपाटा नको." तू ते चक्र रस्त्यावर भिरकावलंस. हे सगळे तो मरायची वाटच बघत होते, असं तुला वाटलं. म्हातारी रडत गेली. मी खिडकीत उभी होते, तिथून मागे सरले.

कारण मला तेव्हाच कळलं होतं. यंत्राने मला आधीच सांगितलं होतं, स्विलेना. शिकवताना त्याच्या कारणांच्या तक्त्यात एक रकाना सारखा वर यायचा: फोटोत रंग नसेल तर मदत नाही. का, ते त्याला सांगता येत नव्हतं. रंग बघून कुणी दान देतं का, म्हणून मी हसले आणि तो रकाना माझ्या हाताने काढून टाकला. त्यानंतर ते सत्तर आले. तुझं पत्र आल्यावर मी तो रकाना परत घातला. शंभरात सहा. मग फक्त फोटो बदलला, टरबुजाचा लावला. चौसष्ट.

म्हणून हे पत्र. त्या लोकांवरचा राग माझ्यावर काढ. त्यांनी त्याला मरू दिलं नाही, त्यांना तो गेलाच वाटला होता. तरी आजीच्या गावाने घराघरातून वर्गणी काढून दोन दिवसांत चक्र आणलं. जिवंत ल्यूबेनसाठी त्यांनी काय नसतं केलं? निळ्या शर्टातला फोटो सोबत आहे. सगळ्या थांब्यांवर लाव, पहिला दोन्का आजीच्या थांब्यावर. लोक टोपी काढतील. या वेळी त्यांचं चुकलेलं नसेल.

तू नाही म्हणालीस तरी तुझीच,
झोर्नित्सा