गाडी लेकीला, कर मला

ती. ताईस धाकटीचा नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत असं विचारायची रीत आहे म्हणून विचारते, उत्तर ठाऊक आहे. भाऊजींनाही नमस्कार. मी धडधाकट आहे, डोकं तेवढं फिरलंय.

माझी लेक तुझ्याकडे राहून दवाखान्यात नर्स झाली, ड्यूटी पहाटेची, तेव्हा बस नाही, म्हणून माझी जुनी गाडी तिला दिली हे तू बघतेच आहेस. (इस्त्रीचे कपडे मी आता ढकलगाडीवरून पोचवते. मरत नाही.) मागचं दार आतून उघडत नाही आणि डावीकडे वळलं की हॉर्न आपला आपण वाजतो, पण पळते. आता एक तारखेच्या आत गाडी तिच्या नावावर झाली नाही तर दवाखानावाले आवारात लावू देणार नाहीत. म्हणून गेले कचेरीत. फॉर्मवर प्रश्न, गाडी दिली का विकली? आपल्या आईचं तुला माहीत आहे, घरातली वस्तू फुकट गेली तर लाभत नाही, हातावर एक नाणं तरी घ्यायचंच. (तुला शिलाई मशीन देताना तिने तुझी पर्स पालथी केली होती!) मीही लेकीकडून एक नाणं घेतलंच होतं. मग खोटं कशाला लिहा? चौथी शिकलेय, पण ठसठशीत लिहिलं, विकली, किंमत एक.

खिडकीतला कारकून म्हणाला, "बाई, आईने मुलीला नुसती दिली तर कर माफ. विकली तर बाजारभावाने कर."

म्हटलं, "अहो, एका नाण्याला गाडी कोण विकतं?"

"तेच मी तुम्हाला विचारतोय!"

नाणं परत देते म्हटलं तर म्हणे, लिहिलं ते लिहिलं. मी खिडकी अडवून उभी राहिले. मागची रांग बोंबलायला लागली तेव्हा मोठ्या मॅडम आल्या, त्यांनी नवा फॉर्म दिला. त्यावर बक्षीस लिहायचं, खाली दोघींच्या सह्या. वर मला दम, "आता लेकीकडून काही घेऊ नका." मी काय घेणार? फोनसुद्धा मीच करते.

तर तिला सही करायला पाठव.

तुझी धाकटी

ता. क. सही करून फॉर्म टपालाने आला तरी चालतो, असं मॅडम म्हणाल्या.

आणखी ता. क. हे तिला सांगू नकोस. शनिवारी दुपारी निघायला सांग. कचेरी सोमवारीच उघडते.