स्टाउटचा जळका वास

लडलो, ४ ऑक्टोबर १९९७

प्रिय विनी,

थोरल्या भावाचे अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र पोचलं. व्हिटबीच्या वाऱ्यानं तुझं छप्पर उडालं नाही हे वाचून बरं वाटलं. जीभ शाबूत आहे हे मजकुरावरून कळलंच.

सोबत माझ्या नव्या काळ्या बिअरच्या, स्टाउटच्या, बाटल्या पाठवतोय. सातू प्रॉसरच्या शेतातला, रासायनिक खत न लागलेला, कडवटपणा आणणारे हॉप्सचे तुरेही तसेच. फ्रिजमध्ये कोंबू नकोस. गार खोलीत ठेव, मोठ्या तोंडाच्या ग्लासात ओत, फेस बसू दे. आधी नाक घाल, मग तोंड.

आता मुद्द्याचं. या स्टाउटला जळक्या रबराचा वास येतो का, ते खरं सांग. गेल्या महिन्यात मला तो आला म्हणून अख्खा हौद मोरीत सोडून दिला. या खेपेलाही येतोय. सातू भाजणाऱ्याला नाही नाही ते बोललो, नळ्या बदलल्या, विहिरीचं पाणी तपासून घेतलं. ऑड्री म्हणते, कसला वास? पबवाला म्हणतो, इतकी छान कधी जमली नव्हती. सगळे माझं मन राखताहेत असं वाटतं. बायकोसुद्धा. तू राखणार नाहीस, लहानपणापासून कधी राखलं नाहीस.

माया आहेच, ती आटू देऊ नकोस.

तुझा गिल्बर्ट

व्हिटबी, ११ ऑक्टोबर

प्रिय गिल्बर्ट,

धाकटीचा सप्रेम नमस्कार. तुझ्या हुकुमाप्रमाणे फेस बसेपर्यंत हात बांधून बसले. अरे, काय केलंयस हे! उजेडात धरली तर काठाला माणकासारखी लाल, बाकी काळीकुट्ट. आधी भाजलेल्या पावाच्या कडेचा वास, मग कॉफी, आणि गिळल्यावर काळ्या मनुकांची आंबटगोड चव कितीतरी वेळ जिभेवर. शेजारचा मासेवाला कालवं घेऊन आला होता, त्यांच्याबरोबर तर विचारू नकोस. त्याला बाटली दिली नाही, एवढंच सांगते.

जळका वास मात्र नाही. दुसरी बाटली मुद्दाम त्यासाठीच उघडली. खोटं बोलत नाही.

म्हणून एक विचारते, आणि चेष्टेवारी नेऊ नकोस. तो वास तुला बिअर समोर नसतानाही येतो का? कुठे, कधी, आणि त्या वेळी आणखी काय होतं? इतकी वर्षं वॉर्डात काढली आहेत मी. उगीच विचारत नाहीये. उलटटपाली लिही.

तुझी विनी

लडलो, १६ ऑक्टोबर

प्रिय विनी,

आशीर्वाद. तू नर्सच राहिलीस.

हो, येतो. चर्चमध्ये स्तोत्र म्हणताना आला. कुत्र्याला खाजवताना आला. आधी पोटातून भीती वर चढते. कशाची ते कळत नाही, पण पाय गार पडतात. हा क्षण आपण पूर्वी जगलोय असं वाटतं. मग तो वास. मग काही नाही. परवा भानावर आलो तर हातात रिकामा जग, आणि बिअर बुटांवर सांडलेली.

वय झालं, दुसरं काय. ऑड्रीला यातलं अक्षर कळवू नकोस. नाताळची स्टाउट सोमवारी चढवायची आहे. ती झाली की डॉक्टरला दाखवीन, वचन देतो.

गिल्बर्ट

व्हिटबी, १८ ऑक्टोबर

प्रिय गिल्बर्ट,

तुझं वचन मला नको. उकळत्या भांड्याजवळ एकटा उभा राहू नकोस. दोष बिअरमध्ये नाही, तुझ्यात आहे, आणि तो वयाचा नाही.

ऑड्रीला याच टपालानं सगळं कळवलं आहे. हवं तेवढं चिडून घे. तू चिडायला शिल्लक राहायला हवास.

विनी

लडलो, ३० ऑक्टोबर

प्रिय विनी वन्सं,

ऑड्रीचा नमस्कार. तुमचं पत्र मंगळवारी आलं. हे सोमवारीच पडले, भांड्यापाशी. डावा हात कोपरापर्यंत पोळला. तोंडावर गेलं असतं तर, हा विचार भाजी चिरतानासुद्धा येतो आणि सुरी खाली ठेवावी लागते.

डोक्याचा फोटो काढला. नाकाच्या वर, मेंदूच्या बुडाशी गाठ आहे, अक्रोडाएवढी. साध्या जातीची असावी म्हणतात. असावी. उद्या बर्मिंगहॅमला नेतेय, ऑपरेशन सोमवारी. सर्जन म्हणाले, जीव वाचवायचा पूर्ण प्रयत्न करू, नाकाची हमी नाही. हे घरी येऊन तळघरात गेले आणि एक स्टाउट उघडली.

खिडकीशी बसून तासभर ती एकच प्यायले. नाक घालायचे, डोळे मिटायचे, हळूच सांगायचे: ओट्सचा मऊपणा, हॉप्सची ओली पानं, तळाशी गूळ. पाठ करत असल्यासारखं. मग मला जवळ ओढलं आणि माझ्या मानेशी नाक नेलं. बराच वेळ तसेच बसले. मी रडले नाही. ते म्हणाले, 'ऑड्री, मला भीती वाटते.' इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

शक्य असेल तर याल का? एकटीनं ऑपरेशनच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसवणार नाही माझ्याच्यानं.

तुमची ऑड्री

लडलो, २२ मार्च १९९८

प्रिय विनी,

आशीर्वाद. तू इथून घरी परतल्यावर हे पहिलंच मोठं पत्र. अक्षर वाकडं आहे, चालवून घे.

गाठ साधी निघाली. झटके थांबले. नाक गेलं. सकाळी उठल्याबरोबर साबण हुंगतो, काही नाही. स्टाउट तोंडात घेतली तर कडू लागते, दाट लागते, गार लागते, बस्स. रस्त्यात भेटलेल्या ओळखीच्या माणसाचं नावच आठवू नये, तसं होतं.

तरी एक हौद लावला. हातांना सवय आहे. पण ती तयार झाली आणि माझी बोबडी वळली. नासली असेल तर मला कळणारच नाही. माझ्या नावाची घाण मीच लोकांना पाजीन. दोन दिवस पिंपं तशीच ठेवली. शेवटी ऑड्रीला हाक मारली. तिनं आयुष्यात चहापलीकडे काही चाखलेलं नाही. माझ्या हुकुमाप्रमाणे फेस बसू दिला, वास घेतला, आणि ग्लास खाली ठेवला. मला वाटलं, संपलं.

मग म्हणाली, 'कामावरून घरी यायचात तेव्हा तुमच्या कोटाला असायचा ना, तोच वास आहे. अगदी तोच. पाठवा.'

मला कोटाला वास असतो हेसुद्धा माहीत नव्हतं.

आज सकाळी गाडी भरून दिली. ती वळणाआड जाईपर्यंत दारात उभा होतो. ऑड्री दंड धरून उभी होती. पबवाल्याचा अजून फोन नाही. वाट पाहतोय.

तू लिहीत जा. आता वास तुझ्या शब्दांतूनच घ्यायचे आहेत, तेव्हा कंजूषपणा नको.

तुझा गिल्बर्ट