रॉकचा पंचाहत्तरावा वाढदिवस

१२ ऑक्टोबर २०२५, रविवार

गिरगावातल्या खोताच्या वाडीत जेनच्या घराबाहेरचा लाकडी जिना. १९७१ चा मे महिना. क्रुसासमोरची प्रार्थना नुकतीच संपलेली, ओंजळीत उकडलेले चणे. एका पायरीवर जेन, खालच्या पायरीवर मी, आणि कठड्यावर तिचा भाऊ रॉक. पायदळातला शिपाई, वीस वर्षांचा, सुट्टीवर आलेला. "पायदळ म्हणजे काय, तर पाय," तो सांगत होता. "मोजे कोरडे ठेवायचे. बाकीचं देव बघतो." मग त्याने आम्हा दोघींना चपला काढायला लावून टाचांची तपासणी केली. जेन नापास. मला दहापैकी सात.

आज हे सगळं आठवायला कारण झालं. नव्या मेट्रोने गिरगावला गेले (नूपुर म्हणते, "मावशी, सरकत्या जिन्यावर इकडेतिकडे बघू नकोस." भाचीच्या घरी राहायचं म्हणजे असं ऐकून घ्यायचं). जेनने दार उघडलं ती हसतच.

"रॉकचा सत्कार आहे, गो. शाल, श्रीफळ आणि जेवण."

चर्चच्या ऑफिसातल्या नव्या मुलीने, सेलिनाने, यंदा पंचाहत्तर पूर्ण करणाऱ्यांची नावं कॉम्प्युटरमधून काढली. त्यात रॉक! चूक तिची नाही. दर नऊ नोव्हेंबरला चर्चमध्ये रॉकच्या वाढदिवसाची मिस्सा, म्हणजे त्याच्या नावाने प्रार्थना, असते, हयात माणसासाठी सांगतात तशी. आधी त्यांची मम्मी ऑफिसात नाव देऊन सांगायची, आता जेन सांगते. तो डिसेंबर एकाहत्तरच्या लढाईत गेला. पण मृतांसाठीची मिस्सा त्याच्या नावाने कधीच झाली नाही.

"मग तू काय सांगितलंस?"

"सेलिनाने विचारलं, अंकल चालू शकतात ना, की व्हीलचेअर ठेवू? मी म्हटलं, चालतो. पायदळात होता."

दोघी इतक्या हसलो की जेनला खोकला लागला.

१३ ऑक्टोबर

हसू आता ओसरलं. सोळा नोव्हेंबरला सत्कार. जेनने 'येणार' म्हणून कळवून टाकलंय.

१९ ऑक्टोबर

नूपुरला रॉकबद्दल थोडंसं सांगितलं. मराठा पलटण, बेळगावचं ट्रेनिंग. पहिल्या सुट्टीत वाडीत उभं राहून "छत्रपती शिवाजी महाराज की जय" अशी आरोळी ठोकली, तेव्हा मम्मी हातातल्या डावासकट बाहेर आली होती. गल्लीभर पोरांचे बूट पॉलिश करायचा. म्हणायचा, हात रिकामा राहिला की ट्रेनिंगचा हवालदार आठवतो. शूर वगैरे दिसायचा नाही. झुरळाला घाबरायचा.

"मग तो गेला कसा?" नूपुरने विचारलं.

त्याच्या तुकडीतला एक साताऱ्याचा जवान बहात्तरच्या फेब्रुवारीत वाडीत आला होता. खुर्चीच्या कडेवर बसला, चहा निवून गेला. पंजाबात एका कालव्याच्या बांधावर ते होते. मागे सरकायचा हुकूम आला. एक जखमी तिथेच राहिला होता. रॉक म्हणाला, "तुम्ही व्हा पुढे, मी आलोच." मग तोफा सुरू झाल्या. "सकाळी बघितलं तर बांधच नव्हता," तो म्हणाला. मम्मीने विचारलं, जेवायचा नीट? तो म्हणाला, आपला गूळ दुसऱ्यांना द्यायचा आणि त्यांच्याकडून लोणचं घ्यायचा. मम्मी तेव्हा हसली. ते हसू मी पाहिलं आहे.

सैन्याने कळवलं: बेपत्ता, मृत मानावे. मम्मीने पहिला शब्द तेवढा ठेवून घेतला.

२६ ऑक्टोबर

जेनशी भांडले. शाळेत सिस्टरसमोर भांडायचो तशी, हळू आवाजात.

मी: सेलिनाला खरं सांग. आणि यंदा त्याची मृतांची मिस्सा होऊ दे.

जेन: मम्मी जाताना म्हणाली, नाव हलवू नको. एकदा तिकडे गेलं की परत नाही येत.

मी: तू त्र्याहत्तरीला आलीस. तुझ्यामागे वाढदिवस कोण करणार? तू गेलीस की तो ना जिवंतांत, ना मेलेल्यांत. कोणी नावच घेणार नाही.

ती म्हणाली, "पद्मजा, तू कायम दहापैकी सातच राहिलीस." आणि आंबवलेल्या मैद्याचे फुगे तळायला उठली. रागावली की फुगे तळते. मी सहा खाल्ले.

२ नोव्हेंबर

मृतांचा दिवस. जेनबरोबर कबरस्तानात गेले. शेवंतीची फुलं, मेणबत्त्या, वारा. तिच्या मम्मी-डॅडींसाठी दोन लावल्या. तिसरी तिच्या पर्समध्ये होती, मला दिसली. काढली नाही.

९ नोव्हेंबर

काय दिवस! मिस्सा संपताना फादरांनी जाहीर केलं — रॉक, पंचाहत्तर वर्षं पूर्ण. चर्चभर टाळ्या. लोक माना वळवून बघायला लागले. आमच्या मागे एक टकले गृहस्थ बसले होते, गोव्याहून लेकीकडे आलेले. तिघाचौघांनी त्यांचाच हात हातात घेऊन अभिनंदन केलं. ते बिचारे "थँक यू, थँक यू" म्हणत राहिले.

जेन खांदे हलवून हसत होती. मग मला कळलं की ती हसत नाहीये.

घरी आल्यावर म्हणाली, "त्या माणसाचे केस बघितलेस? पांढरे, कानामागे दोनचार. मला पहिल्यांदा वाटलं, आपला रॉक असा दिसला असता. मी त्याला कधी म्हातारा केलाच नाही, गो. एकवीसचाच ठेवला आणि वर्षं मात्र मोजत राहिले."

थोड्या वेळाने: "उद्या सेलिनाकडे येतेस माझ्याबरोबर?"

१० नोव्हेंबर

सांगितलं. सेलिना रडायलाच लागली. "आंटी, मी व्हीलचेअरचं विचारलं!" जेनने तिला पाणी दिलं. म्हणाली, "रडू नको. तो ऐकता तर पहिला त्या व्हीलचेअरवर बसून बघता."

मृतांची मिस्सा तेवीस तारखेला.

१६ नोव्हेंबर

सेलिनाने नाव यादीत राहू दिलं होतं. रॉकच्या जागी जेन सत्काराला गेली, एकटीच व्यासपीठावर. माईक तोंडाला चिकटवून म्हणाली, "माझा भाऊ येऊ शकला नाही. एका माणसाला आणायला मागे गेला होता." बस, एवढंच. शाल तिने त्या टकल्या गृहस्थांच्या खांद्यावर घातली. जेवणात सोरपोतेल उत्तम. मी पोर्क खात नाही असं नूपुरला वाटतं, तसंच वाटू दे.

२१ नोव्हेंबर

जेनने रॉकची ट्रंक उघडली. हॉकी स्टिक वसईच्या चुलतभावाच्या रॉनीला. दाढीचा आरसा सेलिनाला, लिपस्टिक लावायला. गणवेश ती स्वतः ठेवणार.

"आणि मला?" मी सहज विचारलं.

"तुला कशाला? तू त्याला चोपन्न वर्षं घेऊनच बसलीयस."

मी चहा ठेवायला आत गेले.

२३ नोव्हेंबर

मृतांसाठीची मिस्सा झाली. आधी नाव वाचतात, आणि कोणी सांगितली त्याचंही. फादर म्हणाले, रॉकच्या आत्म्याच्या शांतीसाठी. सांगणारी, पद्मजा.

जेनने स्वतःचं नाव दिलंच नव्हतं. मी बाकाची कड धरून राहिले. आजूबाजूच्या बायका वळून बघत होत्या, प्रेमाने. मला लाज वाटली नाही.

बाहेर आल्यावर जेन म्हणाली, "बहिणीने पुष्कळ वर्षं सांगितली. आता तुझी पाळी." आणि पुढे होऊन कबरस्तानाकडे जायला टॅक्सी थांबवली. तिसरी मेणबत्ती आम्ही दोघींनी मिळून लावली. वाऱ्याने दोनदा विझली.

३० नोव्हेंबर

लिहून ठेवते. मोत्यांच्या कुड्या नूपुरला. शिवणयंत्र सेलिनाला, तिला हवंय. चष्मे, पुस्तकं कोणी नेतील त्यांना. दर नोव्हेंबरची रॉकची मिस्सा मी सांगेन, माझ्यामागे जेन, आणि जेनमागे नूपुर. ऑफिसात नूपुरला विचारतील, तुमचे कोण लागत होते? तिने सांगावं, मावशीकडून काका.