आमच्या क्लबात शिसं चालत नाही

५ नोव्हेंबर
बंदुकीच्या विषारी शिशाच्या छर्ऱ्यांवर बंदी आणायची म्हणून सरकारने हरकती-सूचना मागवल्या आहेत. आमच्या शिकारीच्या क्लबातर्फे बोलायला माझी बिनविरोध निवड. दुसरं कोणी तयारच नव्हतं, असं हिलरीचं मत. बायकोला राजकारण कळत नाही.
संकल्प: मोजकं बोलायचं.

८ नोव्हेंबर
मुद्दा पक्का. आम्ही दोन मोसमांपूर्वीच स्वखुशीने शिसं सोडलं. आम्ही शब्दाचे पक्के. तेव्हा जुन्या बंदुकांपुरती तरी सवलत द्या. उदाहरण अर्नेस्ट प्रिडीचं. म्हातारा, जवळ बापाची एकच बंदूक. पोलादी छर्रे तिला सोसत नाहीत, दुसऱ्या धातूंचे महागडे त्याला परवडत नाहीत. शब्द दिल्यापासून बिचारा हाकाऱ्यांबरोबर काठीने झुडपं बडवून पक्षी उठवतो. त्याला सवलत मिळवून देणारच.

१२ नोव्हेंबर
लंडनची बैठक गाजवली. पाच मिनिटं दिली होती, मला थोडी जास्त लागली. खिशातून चुंबक काढून दाखवला: पोलाद चिकटतं, शिसं चिकटत नाही. सरकारी खात्याच्या रोवेना टेटबाई भारावल्या असाव्यात, सारखं घड्याळ बघत होत्या. त्यांना क्लबात जेवायला बोलावलं. येते म्हणाल्या.

२१ नोव्हेंबर
उत्तम शिकार. शेवटच्या हाक्याला आजोबांची बंदूक काढली. माळ्यावर त्यांची जुनी काडतुसं पडून होती, ती काय फुकट घालवायची? चारच बार. चार बारांना कोणी शिकार म्हणत नाही. शिवाय कडेला उभा होतो, कुणाच्या डोळ्यांवर आलं नाही. दोन फेझंट पडले. बाकीच्यांच्या पक्ष्यांबरोबर शेडमध्ये टांगले. वारसा जपला.

२८ नोव्हेंबर, दुपार
टेटबाई आल्या. आमच्या अध्यक्ष ग्विनेथ प्रॉबर यांनी तेच टांगलेले पक्षी भाजले होते. दुसऱ्याच घासाला बाईंच्या दाताखाली कट् झालं. छर्रा त्यांनी ताटाच्या कडेला ठेवला. मला तर आनंदच झाला, आयती संधी. चुंबक पुढे केला आणि म्हणालो, बघा स्वतःच.
छर्रा हलला नाही.
चुंबक पुसून पाहिला. माझ्या सुरीला तो झटकन चिकटला.
सगळे एकमेकांकडे बघू लागले, आणि मग सगळेच अर्नेस्टकडे. जुनी बंदूक त्याचीच ना. कोणीतरी म्हणालं, "जित्याची खोड, अर्नी."
अर्नेस्टने काटा खाली ठेवला. "दोन मोसम बंदूक कपाटाबाहेर काढली नाही, बाई," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.
मी पुडिंग वाढून घेतलं.

त्याच दिवशी, संध्याकाळ
बोलणारच होतो. पण पाहुण्यांसमोर क्लबाची शोभा नको म्हणून थांबलो. सोमवारी सविस्तर खुलासा करीन. बहुधा.
हिलरी माळ्यावरून खाली आली. "आजोबांचा डबा उघडा पडलाय, डेस्मंड. आणि आळ येऊ दिलास त्या म्हाताऱ्यावर?"
लाज वाटते. हे कोणी वाचणार नाही, तरी वाटते.

३० नोव्हेंबर
ग्विनेथला सांगितलं. टेटबाईंना फोन केला. त्या फार सभ्यपणे बोलल्या. अर्नेस्टचं नाव साफ झालं हे बरं झालं, म्हणाल्या. पण क्लबाच्या शब्दावर सवलत मागितली होती, आणि आता तो शब्द धरता येणार नाही.
अर्नेस्टकडे गेलो. भाषण तयार केलं होतं, दारातच विसरलो. त्याने चहा दिला. बंदुकीचा विषय काढला नाही. तो काढला असता तर बरं वाटलं असतं.

५ डिसेंबर
शिकारीचा दिवस. क्लबाने मला हाकाऱ्यांत टाकलं. ग्विनेथने अर्नेस्टला स्वतःची दुसरी बंदूक देऊ केली. त्याने हात लावला नाही. वडिलांचीच सवय आहे, म्हणाला. बाजूला उभं राहून बघत होता.
झुडपांकडे निघालो तेव्हा त्याने आपली काठी माझ्या हातात दिली.
काठी मला आखूड पडते, असं लिहिणार होतो.
नाही पडत.